गगनधरचा पहिला खेळ

"झालं का हो मिस्त्री? की आजही खिडकीत उभं राहूनच फिरायला जायचं मी?"

चौथ्या मजल्यावरच्या बाई आपल्या दारात उभ्या राहून विचारत होत्या. मिस्त्री त्यांच्यापासून चार हातांवर लिफ्टच्या दारापुढे उकिडवा बसला होता. हातात पान्हा, तोंडात दोन स्क्रू. तोंडात स्क्रू असले की माणसाला फक्त 'हूं' म्हणता येतं. तेवढं तो म्हणाला.

"हूं म्हणजे हो की नाही?"

मिस्त्रीने स्क्रू तळहातावर काढले. "हो म्हणजे होच, बाई. पाऊण तासात चालू करून देतो. दाराचा खटका झिजला होता, नवा बसवतोय."

बाईंनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं, म्हणून अख्खी इमारत त्यांना बाईच म्हणायची. दहा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. आधी फळ्यावरचे आकडे पुसट झाले, मग फळा, मग सगळंच. एकट्या राहायच्या आणि त्याचा गाजावाजा करायच्या नाहीत. रोज पाचच्या ठोक्याला पांढरी काठी घेऊन खाली उतरायच्या, इमारतीभोवती मोजून चाळीस फेऱ्या मारायच्या आणि वर यायच्या. कोणाचा हात धरायचा नाही, हा त्यांचा बाणा. मात्र जिन्याचं नाव काढलं की त्या गप्प व्हायच्या. तीन वर्षांपूर्वी जिन्यावरूनच त्या गडगडल्या होत्या आणि खांद्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून लिफ्ट हाच त्यांचा रस्ता. ती गेले दोन दिवस बंद होती, त्यामुळे बाई दोन दिवस घरात कोंडल्यासारख्या झाल्या होत्या.

"आज एवढी घाई कसली? एरवी तुम्ही तासभर नुसत्या गप्पा मारता."

मिस्त्रीला हेच हवं होतं. कोणी तरी विचारावं म्हणून तो सकाळपासून टपून बसला होता. "बाई, आज गगनधरचा पहिला खेळ! सव्वातीनला!"

"कोण गगनधर?"

असं कोणी विचारलं की मिस्त्रीला त्या माणसाची मनापासून कीव यायची. तो शेहेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावर मधोमध तळं पडलेलं होतं, आणि दहाव्या वर्षापासून गगनधरच्या चित्रकथा वाचत आला होता. एकूण चौसष्ट अंक. एकही गहाळ नाही. लग्नात बायकोने माहेरून आणलेल्या कपाटाचा वरचा कप्पा त्याने पहिल्याच आठवड्यात त्या अंकांसाठी बळकावला होता, आणि त्यावरून बायकोने ऐकवलेलं तो आजवर ऐकत होता.

"पडणाऱ्याला झेलतो तो, बाई."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? आभाळात साखळदंडांवर टांगलेलं एक दगडी शहर आहे. त्याची एक दुष्ट राणी आहे, ती साखळदंड तोडत सुटते. घरं पडतात, पूल पडतात, माणसं पडतात. पण गगनधरचे पंजे उघडले की काही खाली जात नाही. जिथल्या तिथे थांबतं."

"म्हणून तुम्ही लिफ्टच्या धंद्यात आलात वाटतं."

मिस्त्री लाजला. ते खरं होतं, पण आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. "एकाच अंकात तो झेलत नाही," तो जरा हळू आवाजात म्हणाला. "एकेचाळिसाव्या. पहारेकऱ्याची मुलगी बुरुजावरचं एक दार उघडते आणि पाऊल टाकते. पलीकडे काहीच नसतं. राणीने तिथली खोलीच पाडलेली असते. गगनधर येतो, पण उशिरा."

"उशीर का होतो?"

"लोक त्याचा जयजयकार करत असतात. तो थोडा वेळ ऐकत उभा राहतो. तेवढ्यात."

बाई म्हणाल्या, "हातचा विसरला. पोरं बेरीज बरोबर करतात हो, हातचा विसरतात. आणि नेमकं उत्तर फार सोपं वाटत असलं की विसरतात." मग हसून म्हणाल्या, "पाहून आलात की मला सांगा. आणि पाचच्या आत लिफ्ट द्या, म्हणजे झालं."

आता मिस्त्रीच्या कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लिफ्ट समोर नसेल तर मजल्यावरचं दार खटक्याने बंदच राहतं, आणि कुठलंही दार नीट लागलेलं नसेल तर लिफ्ट हलत नाही. दुरुस्ती करताना मात्र ती हलवून पाहावी लागते. म्हणून मिस्त्री लोक गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, पॅनेलच्या आत, वीतभर लांबीची एक तार जोडतात. ती जोडली की दारं उघडी आहेत की बंद, हे लिफ्टला कळतच नाही. आंधळ्यासारखी चालत राहते. काम संपलं की तार काढायची आणि मग लिफ्ट पुन्हा एकदा चालवून पाहायची. मिस्त्रीच्या उस्तादांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाकी सगळं विसर, बायकोचं नाव विसर, पण तार खिशात आल्याशिवाय पॅनेलचं झाकण लावायचं नाही." उस्ताद जाऊन बारा वर्षं झाली, पण मिस्त्रीचा हात अजून झाकण लावण्याआधी आपोआप छातीवर जायचा. खाकी सदऱ्याच्या खिशात ती जाड लाल तार बोटांना लागली की मगच झाकण. सव्वीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

खटका बसवून मिस्त्री गच्चीवर गेला तेव्हा अडीच वाजून गेले होते. तेवढ्यात लेकीचा फोन आला. त्याची एकुलती एक लेक, कॉलेजात जाणारी, घरात सगळे तिला चिंगी म्हणायचे.

"बाबा, निघालात का? मी थिएटरच्या दारात उभी आहे. इथे ही गर्दी! तुमच्या वयाचे बाप्ये अंगरखे घालून आलेत."

"करड्या रंगाचे ना?"

"सगळ्या रंगांचे. तुम्ही तो टी-शर्ट घातलात का?"

तो टी-शर्ट चिंगीने स्वतः केला होता. साध्या पांढऱ्या टी-शर्टवर डाव्या छातीशी गगनधरची खूण, दोन उघडे पंजे, लाल जाड दोऱ्याने भरलेले. महिनाभर बापाला पत्ता लागू न देता ती भरत होती. काल रात्री तो हातात पडला तेव्हा मिस्त्रीचे डोळे भरून आले होते आणि त्याने चष्म्याचं निमित्त सांगितलं होतं.

"आत्ता घालतो," तो म्हणाला. वाटेत कुठे बदलणार? त्याने खाकी सदरा उतरवला, गुंडाळून पिशवीत कोंबला आणि टी-शर्ट चढवला. मशीन रूमच्या खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं. पोट जरा पुढे आलं होतं, पण पंजे झकास दिसत होते.

मग तो पॅनेलकडे वळला. झाकण उचललं. सवयीप्रमाणे त्याचा हात छातीवर गेला. बोटांना जाड, दोरीसारखं काही तरी लागलं. झाकण बसलं, चारही स्क्रू फिरले.

बोटांना लागले ते पंजे होते. दुरुस्तीसाठी जोडलेली तार आतच होती.

त्याने लिफ्ट दोनदा वर-खाली चालवून पाहिली. चालली. चालणारच होती. तार काढून एकदा चालवली असती तर ती जागची हलली नसती, आणि चौथ्या मजल्यावरचा नवा खटका अजून पुरता बसत नाही, एक पेच आवळायचा राहिलाय, हे त्याला तिथल्या तिथे कळलं असतं.

खाली जाताना तो चौथ्या मजल्यावर थांबला आणि बाईंचं दार वाजवलं. "झालं बाई! पाचला बिनधास्त जा!"

"जाते. तुम्ही पळा आता, गगनधर खोळंबलाय," आतून आवाज आला.

तळमजल्यावर लिफ्टचं रजिस्टर टांगलेलं असायचं. त्यात त्याने झोकदार अक्षरात लिहिलं, 'काम पूर्ण. लिफ्ट चालू.' खाली सही, वेळ. दारावरच्या चौकीदाराला सगळे मेजर म्हणत. उभ्या आयुष्यात त्याने बंदूक पाहिली नव्हती, पण मिशा होत्या. तो टी-शर्टकडे बघून म्हणाला, "काय मिस्त्री, कुठे निवडणुकीला उभे राहिलात की काय?"

मिस्त्री मनापासून हसला आणि स्कूटरला लाथ मारली.

*

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत मिस्त्रीने शेजारच्या तीन माणसांचं वैर ओढवून घेतलं.

"अंगरखा निळा केलाय! निळा! अगं, करडा असतो तो, ढगांचा रंग!"

"बाबा, हळू."

"आणि राणीचा उजवा डोळा फुटलेला असतो, डावा नाही."

पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून पाहिलं. मिस्त्रीने तिला डाव्या-उजव्या डोळ्याबद्दल समजावून सांगायला तोंड उघडलं, पण चिंगीने त्याच्या मांडीला चिमटा काढला.

मग ढग बाजूला झाले आणि ते शहर दिसलं. मिस्त्री एकदम गप्प झाला. दहा वर्षांचा असताना वहीच्या मागच्या पानावर त्याने ज्याचे शंभर वेळा मनोरे काढले होते, ते सगळंच्या सगळं तिथे टांगलेलं होतं, हलत होतं, आणि त्या प्रचंड साखळदंडांतून एक खोल कण्हल्यासारखा आवाज येत होता. भाराखाली ताणलेल्या लोखंडाचा आवाज मिस्त्रीच्या ओळखीचा होता. रोज तो त्याच्यातच वावरायचा. "आवाज बरोबर धरलाय," तो पुटपुटला. "अगदी बरोबर धरलाय गं." त्याने लेकीचा हात घट्ट धरला. गगनधरने पहिल्यांदा पंजे उघडले आणि पडता पूल हवेत थांबला, तेव्हा लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मिस्त्री शिट्ट्या मारत होता आणि रडत होता, आणि या वेळी त्याने चष्म्याचं निमित्तही सांगितलं नाही. आयुष्यात एकदा मनासारखं घडावं, तसं ते त्याच्यापुढे घडत होतं.

मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत त्याला लाल अंगरखा घातलेला एक टपाल खात्यातला कारकून भेटला. दोघांचं निळ्या रंगावरून एकमत झालं, डोळ्यावरून भांडण झालं, आणि शेवटी दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. आत घंटा वाजली. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते.

"आता तो भाग येणार," अंधारात परत बसताना मिस्त्री लेकीच्या कानाशी म्हणाला. "एकेचाळिसावा अंक. आता त्याला उशीर होणार. बघवणार नाही तुला."

पडद्यावर गगनधर चौकात उतरला होता. त्याने अख्खी पेठ पडता पडता वाचवली होती. माणसं घराघरांतून धावत बाहेर येत होती, त्याच्या नावाचा गजर करत होती. थिएटरातली माणसंही त्या गजरात मिसळली. गगनधर थांबला, त्याने डोळे मिटले आणि तो ऐकू लागला. पुढचं मिस्त्रीला पाठ होतं. दूर, बुरुजाच्या अंधाऱ्या जिन्यावर पहारेकऱ्याची मुलगी एकेक पायरी चढत होती. तिच्या समोर एक साधं लाकडी दार होतं. तिने कडीला हात घातला.

मिस्त्रीचा हात छातीवर गेला.

बोटांना जाड, दोरीसारखं काही तरी लागलं. बोटं तिथेच थांबली. हेच. दुपारी हेच लागलं होतं. त्याने पंज्याभोवती बोटं फिरवून पाहिली. वर शिवण नव्हती, कडेला शिवण नव्हती. या कपड्याला खिसाच नव्हता.

त्याने पायाशी ठेवलेली पिशवी ओढली, सदरा बाहेर काढला, खिशात हात घातला. पेन्सिलीचा तुकडा. जुनी पावती. त्याने खिसा उलटा केला. मग पिशवी उलटी केली. स्क्रू, पक्कड, टेस्टर खणखण खाली पडले.

"अहो, काय चाललंय!" मागून कोणी तरी ओरडलं.

"बाबा, काय झालं?"

"तार," मिस्त्री म्हणाला. "तू बघ. तू पूर्ण बघ." आणि तो लोकांच्या गुडघ्यांवरून अडखळत बाहेर धावला. पाठीमागे पडद्यावर कडी सरकल्याचा आवाज झाला, पण त्याने वळून पाहिलं नाही.

बाहेरच्या उन्हात डोळे दिपले. पावणेपाचला चार मिनिटं कमी. त्याने मेजरला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. बाईंचा नंबर त्याच्याकडे नव्हता. सहा वर्षं तो त्यांच्याशी बोलत होता, पण नंबर घ्यायचं कधी सुचलं नव्हतं. लिफ्ट कंपनीच्या ऑफिसात सगळ्या इमारतींचे नंबर असतात, तिथे फोन केला तर ते कोणाला तरी धाडतील. त्याचा अंगठा ऑफिसच्या नंबरवर गेला आणि तिथेच थबकला. ऑफिसला सांगायचं म्हणजे सव्वीस वर्षं एका वाक्यात घालवायची. त्याने पुन्हा मेजरलाच फोन लावला. या एका क्षणाची त्याला पुढे जन्मभर लाज वाटणार होती.

स्कूटर, सिग्नल, शाळेच्या बस, आणखी एक सिग्नल. दिव्यावरचे आकडे साठपासून उलटे उतरत होते. पांढऱ्या टी-शर्टमधल्या त्या माणसाकडे बसमधल्या एका मुलाने बोट दाखवलं आणि तो ओरडला, "गगनधर!" सगळी बस खिडक्यांशी गोळा झाली आणि हात हलवू लागली. मिस्त्रीने मान फिरवली.

बाईंना वेळेची सवय होती. लिफ्ट बोलवायच्या, ती येऊन थांबल्याचा आवाज ऐकायच्या आणि दार ओढायच्या. लिफ्ट आलेली नसेल तर दार उघडायचंच नाही. दार उघडलं म्हणजे लिफ्ट आली, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो आजवर बरोबर होता. तो बरोबर ठेवणं हेच मिस्त्रीचं काम होतं.

तो पोचला तेव्हा पाच वाजून सहा मिनिटं झाली होती. फाटकावर कोणी नव्हतं. मेजर मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीशी उभा होता आणि त्याचा फोन केबिनमध्ये चार्जिंगला लावलेला होता. इमारतीभोवती फेऱ्या मारणारं कोणी नव्हतं. लिफ्टच्या दारावरचा दिवा सहावा मजला दाखवत होता.

मिस्त्री जिना चढू लागला. पहिला मजला. दुसरा. कुठल्याशा घरात रेडिओ चालू होता, कुठे भांडी विसळली जात होती. सगळं रोजच्यासारखं होतं. तिसरा. शेवटच्या वळणावर त्याने कठडा धरला.

चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार हातभर उघडं होतं.

पलीकडे लिफ्ट नव्हती. नुसता काळोख होता, आणि ग्रीसचा तो थंड वास, ज्याच्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं. बाईंच्या घराचं दार बाहेरून कुलूप लावून बंद होतं. मिस्त्री गुडघ्यांवर बसला, काठाला धरून पुढे वाकला आणि खाली पाहिलं. तळाशी काही तरी पांढरं पडलेलं होतं.

त्याने हाक मारायला तोंड उघडलं.

"मिस्त्री ना?"

आवाज मागून आला. पाचव्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून, बाई बसल्या होत्या. दोन्ही हातांनी कठड्याचा गज धरला होता. बोटं पांढरी पडली होती.

"तुमच्या चपला ओळखते मी," त्या म्हणाल्या. "मोठ्याने बोलू नका. आणि तिथून मागे या आधी."

तो मागे सरकला. तिथेच फरशीवर बसून राहिला.

"लिफ्टचा आवाज आला," बाई बोलू लागल्या, वर्गात गणित मांडावं तसं, एकेक पायरी करून. "मला वाटलं इथेच थांबली. दार ओढलं, उघडलं. काठी पुढे टाकली, नेहमी टाकते तशी. ती टेकलीच नाही. तोल गेला, एक पाय पुढे गेला. कशाला तरी हात लागला, बहुतेक चौकटीला. काठी सुटली." त्या थांबल्या. "ती खाली पोचल्याचा आवाज यायला किती वेळ लागतो, ठाऊक आहे तुम्हाला? मी मोजत होते."

"बाई..."

"दार कसं काय उघडलं, मिस्त्री? ते उघडत नाही ना?"

खटका कंपनीचाच खराब निघाला, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. बाईंना पॅनेल दिसणार नव्हतं, तार दिसणार नव्हती, त्याचं तोंडही दिसणार नव्हतं.

"माझी चूक आहे," मिस्त्री म्हणाला. "एक तार काढायची असते. मी काढली नाही. सिनेमाच्या नादात राहून गेली."

"म्हणजे तुम्ही मला बिनधास्त जा म्हणालात, तेव्हा?"

"तेव्हा ती आतच होती."

त्याने जवळ जाऊन हात पुढे केला. "चला, घरात सोडतो तुम्हाला."

"नको," त्या म्हणाल्या. "तुमचा तर नकोच." भिंत चाचपत त्या उठल्या, उघड्या दारापासून दूर, पाठ भिंतीला घासत आपल्या दारापर्यंत गेल्या. कुलपाला किल्ली लागायला फार वेळ लागला. इतका वेळ त्यांना कधीच लागत नसे. मग दार बंद झालं आणि आतून कडी लागली. थोड्या वेळाने दुसरीही लागली.

मिस्त्रीने उघडं दार ओढून घेतलं, दोरीने बांधलं, वर जाऊन लिफ्टचा मुख्य स्विच पाडला आणि पॅनेल उघडलं. तार जिथल्या तिथे होती. ती काढली, पण ठेवायला खिसा नव्हता, म्हणून मनगटाला गुंडाळली. खाली येऊन त्याने 'लिफ्ट बंद'ची पाटी लावली आणि रजिस्टर उघडलं. दुपारचं झोकदार अक्षर त्याच्याकडे बघत होतं. त्यावर रेघ मारून त्याने खाली लिहिलं: 'तार पॅनेलमध्ये राहिली होती. चौथ्या मजल्याचं दार लिफ्ट नसताना उघडलं. बाई थोडक्यात वाचल्या. चूक माझी.' सही, वेळ.

मग त्याने ऑफिसला फोन लावला.

साहेबांनी ऐकून घेतलं. "कोणी पाहिलं का?"

"एकट्या बाईच होत्या. त्यांना दिसत नाही."

"मग झालं तर! तार काढलीस ना? मग गप्प बस की."

"रजिस्टरमध्ये लिहून झालंय, साहेब."

"उद्या लायसन्स घेऊन ये," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

लगेच पुन्हा फोन वाजला. चिंगी होती, मागे गर्दीचा गलका. "बाबा, कुठे आहात तुम्ही? काय झालं? आणि बाबा, त्यांनी बदललंय ते! तो झेलतो तिला! अगदी शेवटच्या क्षणी. लोक उठून उभे राहिले. तुम्ही असता तर भांडला असता."

निळ्या अंगरख्यावरून तीन माणसांचं वैर पत्करणारा मिस्त्री रजिस्टरकडे बघत उभा होता.

"झेलतो का?" तो म्हणाला. "बरं केलं गं."

लिफ्टच्या पोकळीच्या तळाशी उतरून त्याने काठी शोधली. मधोमध थोडी वाकली होती आणि ग्रीसने माखली होती. त्याने ती आपल्या टी-शर्टनेच पुसली. पंज्यांवर काळे फराटे उठले. चार मजले चढून तो बाईंच्या दारापुढे उभा राहिला. घंटा वाजवायचं धाडस होईना.

"कोण?" आतून आवाज आला. चपला त्यांनी ऐकल्याच असणार.

"लिफ्टवाला. काठी सापडली."

कड्या सरकल्या. दार थोडंसं उघडलं, हात बाहेर आला. त्या हाताने काठी मुठीपासून खाली चाचपली आणि जिथे ती वाकली होती तिथे तो थांबला.

"वाकली आहे."

"हो. उद्या नवी आणून देतो."

"हीच राहू दे." हात तिथेच होता. "सिनेमा अर्धा टाकून आलात?"

"हो."

"मग त्या मुलीचं काय होतं?"

"सिनेमात झेलतो म्हणे तिला," मिस्त्री म्हणाला. "पुस्तकात नाही."

दार बंद झालं. मिस्त्री वळणार इतक्यात ते पूर्ण उघडलं. बाईंनी चपला घातल्या होत्या. "माझ्या चाळीस फेऱ्या राहिल्यात," त्या म्हणाल्या. "त्या लिफ्टमध्ये मी आता पाय ठेवणार नाही. कोणीही, काहीही सांगू दे. माझा आता माझ्या कानांवरच भरवसा उरला नाही, मिस्त्री. तेवढं गेलं बघा माझं." मग त्यांनी जिन्याच्या दिशेने काठी टाकली.

तीन वर्षांनी त्या जिना उतरत होत्या. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात वाकलेली काठी. मिस्त्री त्यांच्या पुढे गेला आणि दोन पायऱ्या खाली, त्यांच्याकडे तोंड करून, उलटा उतरू लागला. हात त्याने थोडे पुढे धरले होते. त्यांना लागणार नाहीत इतकेच.

"तुम्ही पुढे आहात ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"बोलू नका मग. मी पायऱ्या मोजतेय."

तिसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या. भिंत चाचपत लिफ्टच्या दारापर्यंत गेल्या, त्यावर तळहात ठेवला आणि सगळा जोर लावून ते ओढून पाहिलं. उघडलं नाही. पुन्हा ओढलं. मग जिन्याकडे आल्या. दुसऱ्या मजल्यावरही तेच. काठी घेऊन वर येताना प्रत्येक मजल्यावरचं दार मिस्त्रीने स्वतः तीन तीनदा ओढून पाहिलं होतं. ते त्याने सांगितलं नाही. बाईंचं पाहून होईपर्यंत तो दोन पायऱ्या खाली हात पुढे धरून उभा राहिला.